स्पाउस पिटिशन आणि मराठी हुकूमनामा: मुलुंडचं एक प्रकरण

हे प्रकरण मुलुंडच्या एका मुलीचं. तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, आडनाव पण बदललंय, समजा चव्हाण. माझं काम मराठी-इंग्रजी भाषांतराचं, दादरला बसते. कोर्टाचे कागद, दाखले, इच्छापत्रं असं सगळं येतं, पण अलीकडे सगळ्यात जास्त येतात ते नवरा किंवा बायको अमेरिकेत असलेले लोक. त्यांच्या फायलीत जे जे बिघडू शकतं ते जवळजवळ सगळं या एका फाईलमध्ये होतं, म्हणून सविस्तर लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मुलीचा जन्म १९९४ चा, चिपळूणजवळच्या एका गावात, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. वाढली मुलुंडला. पहिलं लग्न साताऱ्याकडे झालं, ते टिकलं नाही, दोघांनी परस्पर संमतीनं तिकडच्याच तालुक्याच्या कोर्टात अर्ज केला आणि १० फेब्रुवारी २०२२ ला घटस्फोट मंजूर झाला. १५ मे २०२२ ला दुसरं लग्न, मुलगा मूळचा ठाण्याचा, आता अमेरिकन नागरिक, न्यू जर्सीत असतो. लग्न महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली रजिस्टर केलं, तीन साक्षीदार वगैरे सगळं रीतसर. २०२२ च्या शेवटी नवऱ्यानं तिकडून आय-१३० भरला, म्हणजे बायकोला अमेरिकेत आणण्यासाठीचं स्पाउस पिटिशन, सोबत बायकोच्या माहितीचा फॉर्म आय-१३०ए. तेव्हा फी ५३५ डॉलर होती, १ एप्रिल २०२४ पासून ती कागदावर भरलं तर ६७५ आणि ऑनलाइन ६२५ झाली.

साधारण वर्षभरानं यूएससीआयएसची, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची, नोटीस आली, ज्याला सगळे आरएफई म्हणतात, म्हणजे अजून पुरावे द्या. दोन गोष्टी मागितल्या होत्या. पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाच्या कागदाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासकट, आणि हे लग्न खरं आहे याचे आणखी पुरावे. घरात रडारड सुरू झाली, मुलीच्या आईला वाटलं केस नामंजूरच झाली. तसं अजिबात नसतं. आरएफई म्हणजे नकार नाही. पण तिचं उत्तर एकदाच देता येतं, सगळे कागद एकत्र जोडून, आणि मुदतही ठरलेली असते, जास्तीत जास्त ८४ दिवस आणि वर टपालाचे थोडे. अर्धे कागद आज पाठवू, उरलेले पुढच्या महिन्यात, असं चालत नाही, जे पाठवलं त्यावरच निर्णय होतो.

मग त्या माझ्याकडे आल्या, आई आणि मुलगी दोघी. आधी काय पाठवलं होतं ते मी मागून घेतलं. मूळ हुकूमनामा (घटस्फोट मंजूर झाल्याचा कोर्टाचा अंतिम आदेश) आणि न्यायनिर्णय (त्यामागची हकीकत आणि कारणं) मिळून आठ पानं मराठीत, आणि त्याचं स्टेशनजवळच्या एका दुकानातून करून घेतलेलं इंग्रजी एक पान. एकच! वर शीर्षक, खाली चार ओळी की अमुक तारखेला या दोघांचा विवाह संपुष्टात आला, आणि त्याखाली नोटरीचा मोठा लाल शिक्का. भाषांतर कोणी केलं त्याचं नाव नाही, सही नाही, त्याला दोन्ही भाषा येतात असं कुठे लिहिलेलं नाही. शिक्का बघून सगळ्यांना वाटलं काम पक्कं झालं.

अमेरिकेचा नियम तसा साधा आहे. परदेशी भाषेतला कागद दिला तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, आणि भाषांतर करणाऱ्यानं लिहून द्यायला हवं की हे संपूर्ण आणि अचूक आहे आणि या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करायला मी सक्षम आहे. खाली नाव, सही, पत्ता, तारीख. बस. नोटरी मागितलेली नाही, अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणन, मागितलेलं नाही, सरकारमान्य भाषांतरकारच हवा असंही नाही. नोटरी केली म्हणून काही बिघडत नाही, पण नोटरीचा शिक्का त्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही, आणि लोक नेमका शिक्क्यावर खर्च करतात आणि ती दोन वाक्यं राहून जातात. नवरा-बायकोपैकी कोणी स्वतः भाषांतर करू नये असं मी नेहमी सांगते, केस त्यांचीच असते, उगाच शंकेला जागा कशाला द्यायची.

आता तारखेचं बघा. त्या एका पानावर घटस्फोटाची तारीख आपल्या पद्धतीनं आकड्यात टाकली होती, १०/०२/२०२२. आपण ती दहा फेब्रुवारी वाचतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे तिथला अधिकारी ती वाचणार दोन ऑक्टोबर. आणि लग्न पंधरा मेचं! म्हणजे कागदावर असं दिसतंय की बाईनं पहिलं लग्न मोडायच्या साडेचार महिने आधीच दुसरं केलं, आणि तसं असेल तर दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाही. नोटिशीत हे कारण लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे शंका तिथूनच आली असं मी ठामपणे नाही म्हणणार, पण मी त्या खुर्चीत असते तर मीही पूर्ण कागद मागितला असता. भाषांतरात महिना कायम अक्षरात लिहावा, एवढ्या एका सवयीनं किती मनस्ताप वाचतो.

खरा पेच पुढे होता. न्यायनिर्णयात दोघं कधीपासून वेगळे राहतात, काय काय झालं, याचा एक परिच्छेद होता, आणि त्यात उल्लेख होता की मुलीनं आधी पोलीस ठाण्यात एक अदखलपात्र तक्रार दिली होती, ती नंतर समजुतीनं मिटवली. आई म्हणाल्या, ताई, एवढं सोडून द्या ना, तिकडच्या लोकांना आमच्या घरातलं कशाला कळायला हवं, पोरीच्या सासरचे पण वाचतील, आणि पोलिसांचं नाव आलं की व्हिसा अडकेल. मुलगी गप्प बसली होती.

त्यांचं दुःख मला कळत होतं. पोरीच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष कोणीतरी परकं माणूस टेबलावर घेऊन वाचणार, हे कुठल्या आईला आवडेल? पण मी नाही म्हटलं, आणि त्यांना नीट समजावलं. एक तर परिच्छेद गाळून मी 'संपूर्ण आणि अचूक' या शब्दांखाली सही केली तर ती खोटी सही होईल. दुसरं, परिच्छेदांना क्रमांक असतात, पाचनंतर सात आलं की कोणालाही दिसतं. शिवाय पुढे मुलाखत मुंबईतच, बीकेसीच्या वकिलातीत, तिथे मूळ कागद बघतात आणि मराठी वाचणारी माणसं तिथे असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या परिच्छेदात तिच्या विरुद्ध काहीच नव्हतं. तक्रार तिनं दिली होती, तिच्यावर नव्हती. लपवलं असतं तर मात्र ते तिच्या विरुद्ध गेलं असतं. शेवटी मुलगीच म्हणाली, काकू, सगळं लिहा, मला त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मग आई काही बोलल्या नाहीत.

आठही पानं केली. कोर्टाच्या मराठीची एक ठरलेली घडण असते, ज्यांनी फक्त इंग्रजी कागद हाताळलेत त्यांना ती जड जाते. संमतीच्या घटस्फोटात वादी-प्रतिवादी नसतात, अर्जदार क्रमांक एक आणि अर्जदार क्रमांक दोन असतात, ते तसंच ठेवायचं, एकाला दुसऱ्याचा विरोधक करायचं नाही. निशाणी म्हणजे पुराव्याच्या कागदाला दिलेला क्रमांक, तो प्रत्येक ठिकाणी न्यायचा. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद, दोन्ही हवेत. आणि शेवटच्या पानाच्या मागे नकलेचा शिक्का असतो, नकलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, तीन तारखा हातानं भरलेल्या. लोक त्याला शिक्का म्हणून सोडून देतात, पण हा कागद कोर्टानंच दिलाय हे त्याच शिक्क्यावरून कळतं. शिक्के, सह्या, समासातला मजकूर, खाडाखोड, सगळं यायला हवं. जिथे वाचताच येत नाही तिथे चौकटी कंसात लिहायचं की अवाचनीय. अंदाजानं भरायचं नाही.

मध्येच एक सांगते, कारण हे खूप विचारतात. काही जणांकडे कोर्टाचा हुकूमनामा नसतोच, स्टॅम्प पेपरवर पंचांसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी असते. त्याचं कितीही सुंदर भाषांतर केलं तरी तो कोर्टाचा घटस्फोट होत नाही. हिंदू विवाह कायद्यात रूढीनं होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण आपल्या समाजात ती रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं, त्यामुळे अशांनी भाषांतरकाराकडे यायच्या आधी वकिलाकडे जावं.

आरएफईतला दुसरा मुद्दा, लग्न खरं असल्याचे पुरावे. आधी त्यांनी फोटो आणि लग्नाचा दाखला एवढंच दिलं होतं. आता बँकेचं जोडखातं, विम्यात बायकोचं नॉमिनेशन, नवऱ्याची मुंबईची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के, दोघं मिळून फिरले त्याची हॉटेल बिलं, असं सगळं काढलं. लग्नपत्रिका पण. पत्रिका मराठीत, म्हणजे तिचंही पूर्ण भाषांतर, अगदी वरच्या कुलदेवतेच्या नावापासून खालच्या आग्रहाच्या निमंत्रणापर्यंत. चि. सौ. कां. आणि कै. सारखी अक्षरं गाळायची नाहीत, कै. मुळे तर कोण हयात नाही हेही कळतं. तिथी शके १९४४ वैशाखातली होती, ती तशीच ठेवली, इंग्रजी तारीख पत्रिकेवर होतीच.

व्हॉट्सअॅप चॅटचं मात्र मी त्यांना थांबवलं. नवरा म्हणत होता की लग्न ठरल्यापासूनचं सगळं चॅट प्रिंट करतो, शेकडो पानं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. अक्षरं इंग्रजी असली तरी भाषा मराठीच, तिचं भाषांतर लागतंच, आणि भाषांतर नसलेली पानं तिथे कोणी वाचत बसत नाही. मग वेगवेगळ्या महिन्यांतली थोडीशी पानं निवडली, मेसेजची तारीख दिसेल अशी, ज्यात खरं रोजचं बोलणं आहे. त्यातलं एक मला अजून आठवतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि ही मुलुंडहून ठाण्याला डबा घेऊन रोज जातेय, आणि तो तिकडून रात्री दोनला विचारतोय की आईनं जेवण घेतलं का. गोड बोलण्याची वीस पानं लावण्यापेक्षा असं एक पान मी कधीही आधी लावेन, कारण घर चालतंय हे त्यातून दिसतं.

उत्तर मुदतीच्या बऱ्याच आधी गेलं आणि पिटिशन मंजूर झालं. पुढे फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणाऱ्या अमेरिकन कचेरीकडे, तिथे ३२५ डॉलर व्हिसाचे आणि १२० आर्थिक हमीपत्राचे. हमीपत्र म्हणजे आय-८६४, ते नवऱ्यानं त्याच्या टॅक्सच्या कागदांसकट भरलं, त्यात काही अडलं नाही.

अडलं जन्मदाखल्यावर. ग्रामपंचायतीचा जुना हातानं लिहिलेला दाखला, आणि त्यात बाळाचं नाव हा रकाना कोरा. आपल्याकडे हे घरोघरी आहे, नोंद जन्माच्या दोन-चार दिवसांत होते, बारसं बाराव्या दिवशी, मग नाव टाकायला परत कोण जातो? त्याच आधीच्या दुकानानं याचंही इंग्रजी करून ठेवलं होतं आणि कोऱ्या रकान्यात मुलीचं पूर्ण नाव बिनधास्त टाइप केलं होतं, वर जन्मतारखेतला ११ हा १९ वाचला होता, कारण हातच्या अक्षरात १ आणि ९ सारखे दिसतात. पासपोर्टवर ११ जुलै, भाषांतरात १९ जुलै. आणि भाषांतरात नाव आहे, मूळ कागदात नाही! चांगल्या हेतूनंच केलं असेल, पण बघणाऱ्याला हे बनावट कागदासारखं दिसतं.

माझं म्हणणं इथे अगदी पक्कं आहे. भाषांतर ही दुरुस्ती करायची जागा नाही. मूळ कागदात रकाना कोरा असेल तर इंग्रजीतही कोरा, मूळ कागदात चूक असेल तर इंग्रजीतही तीच चूक, आणि मग ती मिटवायची असेल तर जिथून कागद निघाला तिथे जाऊन मिटवायची, नाहीतर शेजारी दुसरा कागद लावून तिचा खुलासा द्यायचा.

म्हणून तिचे वडील गावी गेले. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात बाळाचं नाव नंतर टाकायची सोय आहे, पहिल्या वर्षात फुकट, मग पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून, आणि जुन्या नोंदींसाठी महाराष्ट्र सरकारनं ही मुदत वेळोवेळी वाढवलेली आहे. ग्रामसेवकांना शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडिलांचं प्रतिज्ञापत्र दिलं, नाव चढलं, नवीन दाखला मिळाला. तारीख मूळ नोंदवहीतून ११ अशीच स्पष्ट आली.

पण नव्या दाखल्यात आईचं नाव बघितलं तर माहेरचं! बाळंतपण माहेरी, वर्दी द्यायला मामा गेला, त्यानं आपल्या बहिणीचं नाव सांगितलं ते आपल्या वडिलांच्या नावासकट. मुलीच्या पासपोर्टवर आईचं नाव सासरचं. ही नोंद बदलायच्या मागे लागायचं का, यावर घरात बराच वाद झाला. मी सांगितलं नको. नोंद चुकीची नाहीये, बाई तीच आहे, फक्त दोन नावं आहेत. आईचं प्रतिज्ञापत्र केलं की ही दोन्ही नावं माझीच, सोबत त्यांचा शाळेचा दाखला आणि लग्नाचा पुरावा. काम झालं.

मुलीच्या स्वतःच्या नावांचंही तसंच. माहेरचं नाव, पहिल्या लग्नानंतरचं नाव, घटस्फोटानंतर पासपोर्टवर परत माहेरचं, आणि बँकेच्या जोडखात्यावर आत्ताच्या सासरचं. आपल्याकडे लग्नात बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव जातं, काही घरांत तांदळात बोटानं लिहून पहिलं नाव सुद्धा बदलतात, तिच्या पहिल्या लग्नात ते पण झालं होतं. अमेरिकन माणसाला वाटणार या तीन वेगळ्या बायका आहेत. फॉर्ममध्ये आधी वापरलेली नावं असा रकाना असतो, त्यात सगळी टाकायची, एकही लपवायचं नाही, आणि कुठलं नाव कधीपासून कधीपर्यंत आणि त्याचा पुरावा कुठला हे एका पानावर लिहून द्यायचं. पहिलं नाव बदललं होतं ते सरकारी राजपत्रात छापून आलेलं होतं, ते बरं झालं.

आडनावाच्या स्पेलिंगचं सांगते. चव्हाण देवनागरीत एकाच पद्धतीनं लिहितात, पण इंग्रजीत पासपोर्टवर सी-एच-ए-व्ही-ए-एन आणि कॉलेजच्या गुणपत्रिकेवर मध्ये आणखी एक एच. मी काय करते, मूळ कागद देवनागरीत असेल तर इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे, आणि मूळ कागदावरच इंग्रजी अक्षरं छापलेली असतील तर ती जशीच्या तशी, एचसकट, आणि खुलासा त्या नावांच्या पानावर.

पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, ठरलेल्या डॉक्टरांकडे मेडिकल, हे सगळं सुरळीत झालं. मुलाखत २०२५ च्या सुरुवातीला बीकेसीत. मूळ हुकूमनामा मागितला, पानं उलटून बघितली, पहिलं लग्न कधी झालं, कधी मोडलं, आत्ताचा नवरा कसा भेटला, सासूबाई कुठे राहतात एवढं विचारलं. पोलिसांच्या तक्रारीबद्दल एक प्रश्न आला, तुम्ही दिली होती का, तिनं हो म्हटलं, पुढे काही नाही. आईचं प्रतिज्ञापत्र ठेवून घेतलं, बाकी मूळ कागद परत दिले. व्हिसा मिळाला.

उशिराचा एक फायदाही झाला. लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत अमेरिकेत गेली असती तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ती अट काढायचा अर्ज, भरून पुन्हा लग्नाचे पुरावे द्यायचे. आता मे २०२४ ला दोन वर्षं होऊन गेली होती, म्हणून आयआर-१, थेट दहा वर्षांचं कार्ड.

निघायच्या आधी ती भेटायला आली तेव्हा मी तिला सगळ्या भाषांतरांच्या सहीच्या दोन-दोन जादा प्रती दिल्या आणि सांगितलं की या सामानात टाकू नकोस, हातातल्या बॅगेत ठेव. अमेरिकन नागरिकाच्या बायकोला, दोघं एकत्र राहत असतील तर, तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, त्यातही आधीच्या लग्नांचं विचारतात, तेव्हा हाच हुकूमनामा आणि हेच भाषांतर परत लागेल. मूळ नक्कल हरवली तर पुन्हा साताऱ्याच्या कोर्टात नकलेचा अर्ज करायला आईवडिलांनाच धावावं लागेल, म्हणून एक प्रमाणित नक्कल मुलुंडच्या घरी पण ठेवायला सांगितली आहे.